किमो चालू असताना 'इम्युनिटी बूस्टर' द्यावेत का? गाठीवर त्यांचा नेमका काय परिणाम होतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्या आई ५८ वर्षांच्या आहेत आणि तुम्ही घोडबंदर रोडला राहता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आहे. एसी किमोच्या (डोक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही दोन औषधं) चारपैकी दोन सायकल झाल्या, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हे किमोचंच दुसरं औषध आहे. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. मावशींनी चार गोष्टी आणून दिल्या: गुळवेलाच्या गोळ्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन सी-ई एकत्र असलेली गोळी आणि ओळखीतून घेतलेला इम्युनिटी पावडरचा महागडा डबा. भाऊ म्हणतो, द्यायला काय हरकत आहे, ताकदच येईल. तुम्ही मात्र कुठेतरी वाचलंत की अशा गोष्टींनी गाठच पोसली जाते. खरं काय?

मी आहारतज्ज्ञ आहे आणि ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात कॅन्सरच्या पेशंटसोबतच काम करते. हा प्रश्न मला रोजच्या ओपीडीत भेटतो, फक्त पिशवीतले डबे बदलतात. उत्तर आधी देते: किमो संपेपर्यंत या चारही गोष्टी बंद ठेवा आणि पुढच्या सायकलला जाताना सगळे डबे तसेच पिशवीत घालून ऑन्कॉलॉजिस्टसमोर ठेवा. आत्तापर्यंत थोडंफार दिलं असेल तर घाबरू नका, पण लपवूही नका. आता कारणं. ती सगळ्या गोळ्यांना सारखी लागू होत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात 'इम्युनिटी'पासूनच करू, कारण घरोघरी इथेच गल्लत होते. किमोच्या काळात डॉक्टर म्हणतात, "काउंट खाली आलाय, जपा." तो काउंट म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या जंतूंशी लढतात. आईंना दिल्या जाणाऱ्या औषधांनी त्या साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान सर्वांत खाली जातात आणि पुढच्या सायकलपर्यंत बहुधा सावरतात. सावरल्या नाहीत तर फिलग्रास्टिमसारखं इंजेक्शन देतात आणि त्याने त्या खरोखर वाढतात. गुळवेल, गव्हांकुर किंवा पावडरने किमोनंतरचा काउंट भरून येतो असं मानायला भक्कम पुरावा नाही. कॅन्सरच्या पेशी ओळखून मारणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना टी-सेल म्हणतात. डब्यावर 'इम्युनिटी' लिहिलेलं असतं तेव्हा यातली नेमकी कुठली, हे कोणीच सांगत नाही.

बरं, टी-सेल वाढवल्या तरी काय होईल? कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते, ती आपल्याच शरीराची असते. सोसायटीच्या गेटवर चार वॉचमन जास्त ठेवले तरी ज्याच्याकडे बी-विंगचा रहिवासी पास आहे त्याला कोण अडवणार? अनेक गाठी असाच पास दाखवतात. पीडी-एल१ नावाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर आणून त्या टी-सेलला थोपवतात. टी-सेलला थोपवणारे असे ब्रेक शोधून काढल्याबद्दल जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, आणि त्यातूनच निव्होलुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं आली. ही औषधं खरोखर प्रतिकारशक्ती मोकळी सोडतात, आणि म्हणूनच त्यांनी कोणाच्या आतड्याला सूज येते, कोणाच्या फुफ्फुसाला, कोणाचं थायरॉइड बिघडतं. प्रतिकारशक्ती खरंच वाढली की ती आपल्या अवयवांवरही उलटू शकते. 'इम्युनिटी वाढवतो आणि साइड इफेक्ट शून्य' असं सांगणारा डबा दोन्हीपैकी एका बाबतीत तरी चुकीचं बोलत असतो. लिम्फोमा किंवा ल्युकेमिया असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशीच कॅन्सर झालेल्या असतात.

आता तुमची भीती: सप्लिमेंटने गाठ पोसली जाते का? काही परिस्थितींत, हो. आणि हे आजकालचं फॅड नाही, कॅन्सरच्या औषधांचा इतिहासच तिथून सुरू होतो. १९४० च्या दशकात बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अॅसिडच्या जातीची संयुगं देऊन पाहिली, तेव्हा आजार उलट वेगाने वाढल्यासारखा दिसला. मग त्यांनी उलटा विचार केला: फॉलिक अॅसिडचं काम अडवणारं औषध दिलं तर? ते औषध, अॅमिनोप्टेरिन, लेडर्ले प्रयोगशाळेत आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलं होतं. १९४८ मध्ये फार्बरनी त्याचे निकाल छापले आणि आजचं मेथोट्रेक्सेट हे किमोचं औषध त्याच घराण्यातलं. वेगाने विभागणाऱ्या पेशीला डीएनए बनवायला फोलेट (म्हणजे फॉलिक अॅसिडच्याच जातीचं व्हिटॅमिन) लागतं, मग ती पेशी रक्त तयार करणारी असो की गाठीतली. व्हिटॅमिन चांगल्या पेशी निवडून त्यांच्याच पदरात पडत नाही.

अँटिऑक्सिडंटची, म्हणजे पेशींची ऑक्सिडेशनने होणारी झीज रोखणाऱ्या व्हिटॅमिन सी, ई, बीटा-कॅरोटीनसारख्या पदार्थांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, म्हणून त्यातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून द्यायचं ठरलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला आणि १९९४ मध्ये निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या केअरेट अभ्यासात बीटा-कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन ए दिलं. तिथे फुफ्फुसाचा कॅन्सर २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त निघाले, म्हणून १९९६ च्या जानेवारीत तो अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पुढे सिलेक्ट अभ्यासात ३५ हजारांवर पुरुषांत सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई तपासून पाहिलं. एकटं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. गाजरात जे गुणाचं, ते गोळीत आल्यावर असं का वागलं? एक कारण स्वीडनमधल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. कॅन्सरच्या पेशी स्वतःच्या वाढीमुळे सतत ऑक्सिडेटिव्ह ताणाखाली असतात. अँटिऑक्सिडंटने तो ताण हलका झाला की पी-५३ हा आपला पहारा (बिघडलेल्या पेशींची वाढ रोखणारं प्रथिन) थंडावतो आणि गाठ मोकळी वाढते. उंदरांत जे दिसलं ते माणसात जसंच्या तसं होईलच असं नाही. पण माणसांवरचे मोठे अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवतात, म्हणून मी ते हलक्यात घेत नाही.

हे झाले कॅन्सर नसलेल्यांवरचे अभ्यास. तुमच्या आईंच्या सर्वांत जवळचा अभ्यास म्हणजे अमेरिकेतला एस०२२१. त्यातल्या बायकांना हीच औषधं होती: डोक्सोरुबिसिन (पेशंट ज्याला 'लाल औषध' म्हणतात ते), सायक्लोफॉस्फमाइड आणि पॅक्लिटॅक्सेल. ११३४ जणींनी त्या काय काय सप्लिमेंट घेतात हे लिहून दिलं होतं आणि निकाल २०२० मध्ये आले. किमोच्या आधी आणि किमो चालू असतानाही अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्के जास्त दिसलं. हा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला, आणि अशा गोळ्या घेणाऱ्या बायकाही कमी होत्या, त्यामुळे 'गोळीमुळेच परतला' असं मी म्हणणार नाही. बी-१२ घेणाऱ्यांत मात्र संबंध जास्त ठळक होता. साध्या मल्टिव्हिटॅमिनने काही फरक दिसला नाही, ना बरा ना वाईट. मी यातून एवढंच घेते: फायद्याची खात्री नाही, नुकसानीची शंका आहे, आणि बरं होण्याची संधी असलेल्या पेशंटवर ती जोखीम कशासाठी घ्यायची? म्हणून ती सी-ईची गोळी बंद.

रेडिएशनच्या बाबतीत मी याहून कडक आहे. तो शेक मुख्यतः पेशीत फ्री रॅडिकल (तोडफोड करणारे रेणू) तयार करून डीएनए तोडतो, आणि अँटिऑक्सिडंट नेमके तेच शोषतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या ५४० पेशंटपैकी निम्म्यांना रेडिएशनच्या काळात व्हिटॅमिन ई आणि सुरुवातीला बीटा-कॅरोटीन दिलं होतं. दोन्ही मिळालेल्यांत रेडिएशनचा त्रास कमी झाला, ऐकायला छान, पण आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे गाठीलाही तेवढंच संरक्षण मिळालं असावं. रेडिएशन चालू असताना सिगारेट ओढणाऱ्यांचं नुकसान सर्वांत जास्त झालं. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट किती आहेत ते वेगळं सांगायला नको, त्यामुळे हे उत्तर वाचणाऱ्या कोणाच्या घरी तसा पेशंट असेल तर त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तुमच्या आईंना पुढे रेडिएशन लागलं तर तुम्हीही.

हळदीबद्दल लोक रागावतात, तरी लिहिते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हळदीतल्या कर्क्युमिनने कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरं आहे. पण बशीत जेवढं टाकतात तेवढं रक्तात कधी पोहोचतच नाही, कारण आतड्यातून ते फार थोडं शोषलं जातं आणि यकृत लगेच त्याचा निकाल लावतं. यावर तोड म्हणून कंपन्या कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपेरिन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या १९९८ च्या अभ्यासात पिपेरिनने कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलं होतं आणि जाहिरातीत हाच आकडा फिरतो. खरी अडचण पुढे आहे. पिपेरिन हे करतं ते यकृत आणि आतड्यातली औषधं हाताळणारी यंत्रणा मंद करून, आणि तीच यंत्रणा पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधंही हाताळते. औषधाचं रक्तातलं प्रमाण कसं बदलेल याचा हिशोब मग कोणाच्याच हातात राहत नाही. आमटी-भाजीतली हळद यात येत नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, कॅप्सूलमध्ये मात्र त्याचाच घट्ट अर्क असतो. फोडणीत हळद घाला, पोहे पिवळेच करा, कॅप्सूल तेवढी नको. हार्मोनची तपासणी पॉझिटिव्ह असली तर किमोनंतर कदाचित टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी सुरू होईल. कर्क्युमिन, त्यातही पिपेरिनसोबतचं, टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणारं कामाचं रूप कमी करतं, हे २०१९ च्या एका छोट्या डच अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणजे ही कॅप्सूल किमो संपल्यावरही लगेच सुरू करण्यासारखी नाही.

गुळवेलाबद्दल तर मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा पेशंटची नोंद छापली. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती. २०२२ मध्ये देशभरातल्या केंद्रांनी मिळून अशा ४३ पेशंटची माहिती मांडली. गुळवेलासारखीच दिसणारी दुसरी वेल मिसळली गेली असावी, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. तो पूर्ण बाजूला ठेवण्यासारखा नाही, पण बाजारातून गोळी विकत घेणाऱ्याला आत कोणती वेल आहे हे कळायचा मार्ग काय? त्या पेशंटमध्ये यकृताची हानी ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृताला येणारी सूज) दिसत होती. प्रतिकारशक्ती चाळवली गेली, ती यकृतावर.

याचा किमोशी थेट संबंध आहे. लाल औषध शरीराबाहेर टाकायचं काम यकृत करतं. सायकलच्या आधी रक्त तपासतात तेव्हा यकृताचा त्रास दाखवणारं एसजीपीटी किंवा बिलिरुबिन वाढलेलं दिसलं की डोस कमी करतात किंवा तारीख पुढे ढकलतात. असे पेशंट मी पाहिले आहेत. रिपोर्ट बिघडतो, सोनोग्राफी होते, कावीळीच्या तपासण्या होतात, आणि शेवटी घरचं कोणीतरी हळूच सांगतं की सकाळी उपाशीपोटी एक काढा चालू होता. काढा थांबवल्यावर रिपोर्ट सावरतो, पण सायकल लांबायची ती लांबतेच. गाठ पोसणं म्हणतात ते नेहमी थेट असेल असं नाही. वेळेवर न मिळालेली किमोही गाठीच्या पथ्यावरच पडते.

आता दुसरी बाजू, कारण 'सगळी व्हिटॅमिनं वाईट' असं समजून उठाल तर तेही चूक. शरीरात एखाद्या गोष्टीची कमतरता असेल तर ती भरून काढणं हा उपचार आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये वापरतात त्या पेमेट्रेक्सेडबरोबर फॉलिक अॅसिडची गोळी आणि बी-१२ चं इंजेक्शन द्यावंच लागतं, नाहीतर औषधाचे दुष्परिणाम फार वाढतात. तेच फॉलिक अॅसिड कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळीबरोबर जास्त घेतलं तर जुलाब आणि हातापायांची सालं निघणं वाढू शकतं. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड चालू असेल तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी लागतंच. व्हिटॅमिन डीने कॅन्सर टळतो का, हे पाहायला २५ हजारांवर लोकांचा व्हायटल अभ्यास झाला, रोज २००० युनिट देऊन. कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तरीही रक्तात डी कमी निघालं तर मी ते भरून घ्यायलाच सांगते, हाडांसाठी.

तुमच्या आईंच्या बाबतीत बी-१२ चा प्रश्न खास आहे. वर लिहिलं की त्या अभ्यासात बी-१२ घेणाऱ्यांचे निकाल वाईट दिसले. पण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं हेही तितकंच पक्कं आहे, आणि शाकाहारी असाल तर आणखीच. म्हणून अंदाजाने गोळी देऊ नका आणि अंदाजाने बंदही करू नका. पुढच्या रक्त तपासणीत बी-१२ ची पातळी पाहायला सांगा. खरंच कमी असेल तर किती आणि कसं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि ते द्यायलाच हवं.

ताकदीचं म्हणाल तर भावाची काळजी रास्त आहे, फक्त वस्तू चुकली आहे. किमोत पेशंट खचतो तो बहुधा प्रथिनं आणि कॅलरी कमी पडल्याने. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजन ५५ किलो धरलं तर ६५ ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या जवळपास, वाटीभर घट्ट वरणात ६-७. हिशोब करून बघा, नुसत्या पेज आणि फळांवर आई असतील तर निम्म्यावरही पोहोचत नसतील. तोंड आलं असेल तर गार, मऊ, बिनतिखट: मूगडाळीची पातळ खिचडी वर तूप घालून, मऊ भात-मेतकूट, पनीर कुस्करून, अंड्याची भुर्जी नीट शिजवलेली, दुधातलं नाचणीसत्त्व. मासे खात असाल तर पापलेट किंवा बोंबील, ताजे आणि पूर्ण शिजलेले. कच्चे गव्हांकुर, मोड आलेली कच्ची कडधान्यं, रस्त्यावरचा रस, हे काउंट खाली असताना नकोत. 'नैसर्गिक' असले तरी त्यांच्यावरचे जंतूही नैसर्गिकच असतात. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री कितीही वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा.

त्या महागड्या पावडरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर ते औषधी वापरासाठी नाही असं छापावं लागतं आणि कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, म्हणून ते दावे डब्यावर नसतात, विकणाऱ्याच्या तोंडी असतात. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखंच पटकन शुगर चढवणारी पूड) किंवा साखर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असेल तर मधुमेहात आणि किमोबरोबर मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या दिवसांत शुगर आणखी चढेल. मावशींना नाही म्हणायचं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. माझ्या पेशंटच्या घरी मी स्वतःवर घ्यायला सांगते: "आहारवाल्या बाईंनी फाईलमध्ये लिहून दिलंय, किमो संपेपर्यंत नाही." मावशींना काहीतरी करायचंच असतं, तर दर आठवड्याला पनीर आणि अंडी त्यांच्याकडून येऊ देत.

शेवटची एक गोष्ट पुढच्या टप्प्यासाठी. पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर बोटांना मुंग्या येतात, तळपाय बधिर वाटतात आणि केमिस्ट 'नसांची गोळी' म्हणून एखादी पट्टी हातात देतो. त्या पट्टीवर असिटिल-एल-कार्निटिन लिहिलंय का ते बघा. स्तनाच्या कॅन्सरच्या ४०९ बायकांपैकी निम्म्यांना अशाच औषधांबरोबर रोज ३ ग्रॅम कार्निटिन देऊन बधिरपणा टळतो का, हे तपासलं होतं. २४ आठवड्यांनी तो टळला तर नव्हताच, वाढला होता. मुंग्या सुरू झाल्या की केमिस्टकडे जाण्याआधी डे-केअरच्या सिस्टरना सांगा. पॅक्लिटॅक्सेलचा डोस किंवा वेळापत्रक बदलायचं का, हे त्यावरून ठरतं.